गटाचा फोन कुणाच्या हातात?

भाकऱ्या उरकल्या असतील, जनावरांचं वैरणपाणी झालं असेल, तर जरा जवळ बसा. आज आपण गटातल्या एका नाजूक विषयावर बोलणार आहोत.

मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एक फोन आला. बोलणाऱ्या बाई एका बचत गटाच्या अध्यक्ष. गट चौदा वर्षांचा. म्हणाल्या, "ताई, मी आता पद सोडते. समदं मोबाईलवर आलंय आन् मला त्यातलं काय उमगत न्हाय. गटात बारावी झालेली एक सून हाय, तिला करा म्हनलं अध्यक्ष." आम्ही विचारलं, बाकीच्या बाया काय म्हणतात? "त्या गप हायेत. म्हंजे त्यांनाबी तसंच वाटत असंल."

फोन ठेवला आणि आम्ही चौघी बराच वेळ त्यावरच बोलत राहिलो. या बाईंनी चौदा वर्षांत एकही कर्ज बुडू दिलेलं नाही. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा नवरा हप्त्याचे पैसे खिशातून काढून घेतो, कुणाला रागावून बोललेलं चालतं आणि कुणाला बाजूला घेऊन सांगावं लागतं, हे सगळं त्यांना पाठ आहे. आणि अशी बाई एका फोनपायी खुर्ची सोडायला निघाली! गटात मोबाईल आला, ॲप आलं, पैसे खात्यावर यायला लागले, तर पुढारपण करणाऱ्या बाईनं नेमकं काय शिकायचं आणि ते कसं शिकायचं, याचाच आज विचार करू.

आधी आमचीच फजिती सांगतो. लपवण्यात काय अर्थ?

आमच्या गटात मोबाईलवर नोंदी करायची वेळ आली तेव्हा आम्ही सोपा रस्ता धरला. एका सभासदाचा कॉलेजात जाणारा मुलगा बैठकीला यायचा आणि आकडे पटापट भरून द्यायचा. दीड तासाची बैठक अर्ध्या तासात उरकायला लागली. आम्ही खूश. हाताने लिहायची पासबुकं हळूहळू कोरी राहायला लागली, कारण मोबाईलमध्ये आहेच की सगळं.

पाचव्या महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, एका बाईनं बियाणं-खतासाठी वीस हजार मागितले. मोबाईल बघितला तर तिचे तीन हप्ते थकलेले. ती म्हणाली, मी तर भरलेत. आम्ही म्हणालो, इथं दिसत नाहीत. त्या दिवशी ती काही न बोलता उठून गेली आणि पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही.

मग गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी तोंड उघडलं. "आगं, ती शेरडू इकून पैसं घिऊन आलती की. पदराच्या गाठीतनं काढून दिलं, म्या बघितलंय." तेव्हा कुठं आम्ही शोधायला लागलो. आमच्या गटात एकाच नावाच्या दोन बाया आहेत, आडनावही एकच, फक्त नवऱ्याचं नाव वेगळं. तिचे तिन्ही हप्ते दुसरीच्या नावावर चढले होते. पोराला दोष द्यायचा नाही. त्याला त्या दोघींमधला फरक माहीत असायचं कारणच नव्हतं. आम्हाला माहीत होता. पण आम्ही पडद्याकडे बघतच नव्हतो.

चूक निस्तरायला तीन आठवडे गेले. तोवर तिनं सावकाराकडून शेकडा पाचानं पैसे उचलून पेरणी केली होती. हे व्याज आमच्यामुळं तिच्या डोक्यावर बसलं. आजही ती समोर आली की आमची मान जरा खाली जाते.

त्यानंतर आम्ही ठरवलं की नोंद कुणीही करो, 'जतन करा'चं बटण दाबण्याआधी ती मोठ्यानं वाचायची. पूर्ण नाव, नवऱ्याच्या किंवा वडलांच्या नावासह. बचत किती, हप्ता किती, व्याज किती. जिची नोंद आहे ती "बरोबर" म्हणेपर्यंत बटण दाबायचं नाही. आणि वहीत, पासबुकात हातानं लिहिणं चालूच ठेवायचं. बैठक पुन्हा सव्वा तासावर गेली, जाऊ दे. आता सांगा, हे मोठ्यानं वाचायला लावणं, "थांब, अजून ती हो म्हणाली नाही" असं पोराला दटावणं, यात मोबाईलचं ज्ञान किती लागतं? त्या अध्यक्षबाईंना हे आमच्यापेक्षा बरं जमलं असतं.

म्हणून आमचं मत असं झालंय की गटाच्या पुढारीण बाईला फोन सगळ्यात जास्त आला पाहिजे, असं काही नाही. थोडा यायलाच पाहिजे, तो मुद्दा पुढं येतोच. पण तिचं खरं काम म्हणजे फोन आल्यावर गटाचा कारभार एखाद्याच हुशार माणसाच्या मुठीत जाऊ न देणं.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. तिथं चेतना गाला सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर, सही येत नव्हती. बायका हिरमुसल्या, पण घरी बसल्या नाहीत. त्यांनी लिहाय-वाचायला शिकायला सुरुवात केली आणि पुन्हा मुंबईला गेल्या. साहेबांपुढं त्यांनी म्हणणं मांडलं की आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, नाही आलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय तेच काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतंय. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ही गोष्ट जुनी, तेव्हा कुणाकडे मोबाईल नव्हता. पण तिचा पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. पुढं बँकेनं दारात जाऊन यंत्रावर व्यवहार सुरू केले आणि बायकांना पिन नंबर द्यायचं ठरवलं. शिकल्या-सवरल्या माणसाला वाटेल, यात काय अडचण? पण बायकांनी पिनला नकार दिला. एका बाईनं कारण सांगितलं की नंबर कुणीही चोरून बघेल आणि माझे कष्टाचे पैसे काढून नेईल. माझा अंगठा कोण चोरणार? अंगठ्यावर चालेल असं यंत्र करा. आणि बँकेनं ते ऐकलं. जो अंगठा आधी कमीपणाचा होता, तोच इथं किल्ली झाला. पुढारीण बाई कशी शिकते, याचं आम्हाला हे फार चांगलं उदाहरण वाटतं. वर्गात बसून तिला हे कळलं नसतं. समोरची बाई नाही म्हणाली, आणि "हिला समजत नाही" असं न म्हणता "का नाही म्हणतेस?" असं विचारलं, तेव्हा ते कळलं.

पण अंगठा म्हणजे रामबाण असंही समजू नका. ऊसतोड, वीटभट्टी, खुरपणी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. यंत्र ठसा घेत नाही. बाई चार-चार वेळा अंगठा दाबते, पदराला पुसून पुन्हा दाबते, आणि मागं रांगेतली माणसं कुरकुरतात. अशा वेळी लाजून परत फिरायचं नाही. दुसरं बोट लावून बघायचं, नाहीतर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं द्यायचे. आणि यंत्र "झालं नाही" म्हणालं तरी छापील पावती मागायचीच. कारण "झालं नाही, परत लावा" असं म्हणून दोनदा अंगठा घ्यायचा आणि एकदाचेच पैसे हातात ठेवायचे, ही लबाडी करणारे असतात. पावती आणि शिल्लक रक्कम दोन्ही बघून मगच उठायचं.

आता शिकायचं कसं, त्याबद्दल. तालुक्याच्या प्रशिक्षणाला आपण सगळ्याच गेलोय. भिंतीवर चित्र पडतं, साहेब भराभर बोलतात, दुपारी जेवण, शेवटी फोटो. घरी येईपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. त्यात साहेबांचा दोष नाही, पण फोन बघून येत नाही. पोळी लाटायला आपण कुठं बघून शिकलो? पिठात हात घालून, वेड्यावाकड्या नकाशांच्या पोळ्या करून, आईचे टोमणे खाऊन शिकलो.

त्यामुळं पहिली गोष्ट, या आठवड्यात ज्याची गरज आहे तेवढंच एक शिकायचं. लाईटचं बिल भरायचंय, तर तेच. आणि पैशाचा पहिला धडा स्वतःच्या शंभर-पन्नास रुपयांवर गिरवायचा, गटाच्या रकमेवर नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. शिकवणारीनं हात पाठीमागं बांधायचे. हसू नका, आम्ही खरंच तसं करतो. लेक आईला दाखवायला बसते, आईचं बोट जरा अडखळलं की लेक म्हणते "दे इकडं", आणि फोन तिच्या हातात जातो. काम होतं, शिकणं राहून जातं. सुना-सासवांत तर विचारूच नका. आमच्या बैठकीत आता नियमच आहे की फोन जिचा, बोट तिचं. बाकीच्यांनी तोंडानं सांगायचं. दहा मिनिटं लागली तर लागली.

आम्ही रेडिओवाल्या असल्यामुळं इथं आम्हाला आमच्या धंद्यातल्या थोरल्या बहिणींची आठवण येते. तेलंगणात झहीराबादच्या बाजूला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी २००८ साली संघम रेडिओ सुरू केला. त्यांच्या गटांना तिकडं 'संघम' म्हणतात. त्यांच्यातल्या काहीजणी त्याआधीच व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या होत्या. शाळेत न गेलेल्या बायका. कॅमेऱ्याची भाषा सगळी इंग्रजी, ती पाठ होईना. मग त्यांनी आपली नावं ठेवली. कॅमेरा वरून खाली बघतो तो पटेल शॉट, कारण गावचा पटेल असाच आपल्याकडे बघतो. खालून वर बघतो तो गुलाम शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून, सगळ्या गोल बसल्यासारखा समोरून घेतलेला, तो संघम शॉट. एकदा ही नावं पडली आणि कुणी विसरलं नाही. गटात फोन शिकवताना आम्ही एकमेकींना हेच विचारतो, "काय गं, पटेल शॉट मारतेस का?" मग शिकवणारी हसते आणि खाली सतरंजीवर येऊन बसते.

तुम्हीही आपल्या बोलीतली नावं ठेवा. आमच्याकडे पासवर्डला 'कडी' म्हणतात आणि ओटीपीला 'एका वेळची किल्ली'. किल्ली म्हटल्यावर ती कुणाला द्यायची नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

अध्यक्षबाईनं थोडं तरी शिकलंच पाहिजे, असं आम्ही मघाशी म्हणालो. किती? आमच्या मते इतकं की गटाची शिल्लक तिला स्वतः उघडून बघता यावी, केलेली नोंद वाचता यावी, आणि काहीतरी चुकतंय हे ओळखता यावं. आणि ते तिनं सगळ्यांदेखत शिकावं. "मला हे येत नाही, कोण दाखवतंय?" हे वाक्य अध्यक्षाच्या तोंडून निघणं फार जड जातं. पण ते एकदा निघालं की बाकीच्या दहाजणींची जीभ मोकळी होते. त्या फोनवाल्या बाईंच्या गटातल्या बाया गप होत्या ना? आम्हाला वाटतं, त्यांनाही येत नव्हतं म्हणूनच त्या गप होत्या.

आता पिनबद्दल जरा कडक बोलणार आहोत. काही गावांत एक हुशार ताई असते. सगळ्यांची कामं करते, मनानं चांगली असते. तिच्याकडे एक छोटी वही असते आणि त्या वहीत सगळ्यांचे पिन. कुणी मुद्दाम करत नाही, बायाच म्हणतात, "तुझ्यापाशीच असू दे बाई, मला याद राहत नाही." ती ताई प्रामाणिक आहे, मान्य. पण वही हरवली तर? तिच्या घरातल्या कुणाच्या हाती लागली तर? आणि उद्या कुणाच्या खात्यातून दोनशे रुपये कमी दिसले तर संशय कुणावर येईल? त्या प्रामाणिक बाईवरच. तिला वाचवायचं असेल तरी ती वही बंद करा. अध्यक्षानं भर बैठकीत सांगायचं की इथून पुढं कुणाचा पिन कुणाकडे नाही.

फसवणुकीचं आम्ही नाटक करतो. एकजण 'बँकेचा साहेब' होऊन दुसऱ्या कोपऱ्यातून फोन लावते. "तुमचं खातं बंद पडणार, आलेला नंबर सांगा." "तुम्हाला पाच हजार पाठवलेत, घ्यायला पिन टाका." समोरचीनं उत्तर द्यायचं. पहिल्या वेळी आमच्यातल्या सहाजणी फसल्या, सचिवसुद्धा! हसून हसून पोट दुखलं, पण पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे तेव्हापासून पक्कं झालं. आणि खरोखर फसवणूक झालीच तर रडत बसू नका, घरी कळेल म्हणून दडपूही नका. ताबडतोब १९३० या नंबरला फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. गटात असं काही झालं तर अध्यक्षाच्या पहिल्या वाक्यावर सगळं अवलंबून असतं. "तू सांगितलासच का नंबर?" असं ती म्हणाली, तर पुढच्या वेळी कुणी सांगायलाच येणार नाही.

आणखी एक अडचण. फोन घरात आहे, पण बाईच्या हातात आहे का? केंद्र सरकारनं २०१७ साली पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं, सहा कोटी ग्रामीण घरांत प्रत्येकी एका माणसाला शिकवायचं ठरवून. विचार चांगला. पण घरातला 'एक' कोण, हे घरात ठरतं, आणि आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत तो एक म्हणजे मुलगा होता. नंतर २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा काय झालं, आठवतंय ना? पंधराशे रुपये बाईच्या नावावर, पण आपलं आधार कुठल्या खात्याला जोडलंय हेच कित्येकींना माहीत नव्हतं. जुन्या कुठल्यातरी खात्यावर पैसे पडले आणि बाई नव्या खात्याचं पासबुक घेऊन बँकेच्या चकरा मारत राहिली. हे आधार केंद्रावर किंवा बँकेत विचारून कळतं. आपल्या गटातल्या प्रत्येकीचं कुठलं खातं जोडलंय, ते तिला स्वतःला ठाऊक आहे का, एवढं पुढच्या बैठकीत विचाराच.

घरात फोन मिळत नसेल तर अध्यक्षाला जुनंच कसब वापरावं लागतं. कर्जाच्या सहीसाठी आपण नवऱ्यांची, सासऱ्यांची मनधरणी केलीच आहे की. एका गटानं घरोघर सांगितलं, बुधवारी संध्याकाळी सहा ते सात फोन बाईकडे. काही घरांत जमलं, काहींत नाही. शिवाय साध्या बटणाच्या फोनवरूनही २०२२ पासून यूपीआयनं पैसे पाठवता येतात, त्याला इंटरनेट लागत नाही. महागडा फोन नाही म्हणून कुणी मागं राहायचं कारण नाही.

शेवटचा मुद्दा, आणि यावर आमच्यातच मतं दोन आहेत. सगळंच फोनवर न्यावं का? नाबार्डनं २०१५ साली ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, त्यात आपला धुळे जिल्हा पहिल्या दोनांत होता. गटाच्या नोंदी संगणकावर आल्या की बँकेला गटाचा व्यवहार बसल्या जागी दिसतो आणि कर्ज देणं सोपं होतं, हा त्यामागचा विचार. सभासदाच्या मोबाईलवर संदेश जायचीही सोय त्यात केली. हे फायदे खरेच आहेत. पण बँकेला जसं बरोबर दिसतं तसं चुकीचंही दिसतं. आमच्या त्या बाईचे तीन हप्ते आठवा. म्हणून नोंदी फोनवर असाव्यात, यावर आमचं एकमत आहे. कर्ज कुणाला आधी द्यायचं, हे मात्र गोल बसूनच ठरावं, व्हॉट्सॲपवर नाही, असं आमच्यातल्या तिघींचं म्हणणं. चौथी म्हणते, कामाला बाहेरगावी गेलेल्या बायांनी मग काय करायचं? तिचंही खोटं नाही. थकबाकीदारांची यादी आणि कुणाच्या आधार कार्डाचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, यावर मात्र चौघी ठाम आहोत. चारचौघांत अब्रू गेली की बाई गट सोडते.

त्या अध्यक्षबाईंना आम्ही केंद्रावर बोलावून घेतलं होतं. त्या सुनेला घेऊन आल्या. सुनेला विचारलं, होतेस का अध्यक्ष? ती म्हणाली, "मला आकडे भरता येतात, पण बाया माझं ऐकत नाहीत ओ." अजून काही ठरलेलं नाही. बाईंनी या महिन्यात गटाची शिल्लक स्वतः उघडून बघितली, तेही चष्मा विसरल्यामुळं दुसऱ्या दिवशी. राजीनामा त्यांनी अजून दिलेला नाही आणि मागेही घेतलेला नाही. पुढच्या मंगळवारी दोघी इथं, याच वेळेला, तुमच्याशी बोलायला येणार आहेत. तुमच्या गटात काय घडलं ते तोवर आम्हाला कळवा. फोन करा, चिठ्ठी पाठवा, नाहीतर बाजाराच्या दिवशी केंद्रावर या. चहा आमच्याकडे.